‘जाऊन येतो’चं उत्तर

मार्च लागला की आमच्या जिन्याला परीक्षेचा वास येतो. गाईडांचा, खोडरबराचा आणि उकळून उकळून कडू झालेल्या चहाचा. समोरच्या फ्लॅटमधली मुक्ता यंदा दहावीला आहे. दार सताड उघडं टाकून उंबऱ्यातच सतरंजी पसरते आणि वाचत बसते. तिथे म्हणे वारा लागतो. वारा कसला, येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलायला मिळतात म्हणून बसते, मला काय कळत नाही? पेपरला निघाली की पायात बूट कोंबता कोंबता माझ्या दाराकडे बघून ओरडते, ‘जाते गं आजी!’ मी आतून ओरडते की जाऊन येते म्हण. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, तेच ते. तेच ते नाही, बाई. पण हे जिन्यात उभं राहून कसं सांगायचं? त्यासाठी तिला कुंभकोणमला न्यावं लागेल, तेही माझ्या परीक्षेच्या वर्षातल्या, आणि तिची तर अजून भूगोलाची उजळणी बाकी आहे.

आमच्या घरात ‘जातो’ हा शब्दच नव्हता. शेजारून चिंच आणायला निघालं तरी उंबऱ्याशी थांबून ‘जाऊन येतो’ म्हणायचं. एवढ्यावर भागत नसे. घरातल्या मोठ्या माणसाने ‘जाऊन ये’ असं उत्तर दिल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही. उत्तर मोठ्यांनीच द्यायचं, लहानांनी दिलेलं चालत नसे. कधी आई फोडणीत गुंतलेली असे, कधी अप्पा पूजेत, आणि आम्ही आपले उंबऱ्यावर एका पायावर ताटकळत. शाळेला उशीर होई, पण उत्तर घेतल्याशिवाय जाणं म्हणजे अर्धंच जाणं. परतीची वाट मोकळी ठेवली नाही, असं आई म्हणायची. आमचे तमिळ शेजारीही निघताना हेच म्हणत, ‘पोयिट्टु वरेन’, जाऊन येतो. आता हे आम्ही त्यांच्याकडून घेतलं की आमच्या पूर्वजांनी येताना घोड्यावर बांधून आणलं, देव जाणे.

आम्ही त्या गावचे रायर, तिकडे मराठी माणसांना रायरच म्हणतात. तिकडच्या मराठी राजांच्या वेळी मराठी मुलखातून गेलेले, आणि मग तिकडचेच झालेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी म्हणजे पेटाऱ्यात घडी करून ठेवलेलं लुगडं, विरलेलं नाही पण घडीवर पिवळं पडलेलं. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासूबाईंनी माझं पहिलं ‘जाऊन येते’ ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. भाजी आणायला चाललीस की काशीयात्रेला, असं त्यांनी विचारलं होतं. मनाने वाईट नव्हत्या. पण मी बाहेरची, हे मला त्या दिवशी कळलं. कुंभकोणममध्ये आम्ही उत्तरेकडचे आणि पुण्यात मी मद्राशीण. आता बोला.

तर ते परीक्षेचं वर्ष. साल एकोणीसशे पन्नासनंतरचं कुठलंसं, नेमकं सांगून काय करायचं आहे? मी एसएसएलसीला, म्हणजे तिकडच्या मॅट्रिकला होते. पंगुनीचा महिना, आपल्याकडचा फाल्गुन-चैत्र म्हणा. अरसलार नदी कोरडी ठाक, पात्रात वाळूचे पांढरे पट्टे, मध्ये कुठेतरी एक डबकं आणि त्यात म्हशी. कडुनिंबाला मोहोर आलेला, दुपारभर तो अंगणात झिरपत राही आणि आई तो झाडून परडीत साठवायची. दारासुरमहून रेशमाच्या लडी घेऊन येणाऱ्या सायकली उन्हात डोळे मिटून चालल्यासारख्या चालत. आणि संध्याकाळ झाली की नदीच्या पलीकडून कर्ण्यावर देवाचं गाणं सुरू होई. ते लागलं की साऱ्या गावाने ओळखायचं, तंबूतला खेळ आता उभा राहणार.

नाचियारकोविलच्या रस्त्याला पूल ओलांडला की मोकळं रान होतं. भाताची कापणी झाली की तिथे टूरिंग टॉकीज उतरायची. वर झावळ्या, खाली नदीची वाळू, मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. भिंतीच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. रीळ बदलायला दर थोड्या वेळाने दिवे लागत आणि तेवढ्यात गोळी सोडा, मुरुक्कू म्हणजे तिकडची चकली, भाजलेल्या शेंगा. आमच्या घरचं कोणी तिथे जात नसे. अप्पांना नाटक-सिनेमाचं वावडं होतं. आणि त्या वर्षी तर घरात सिनेमा हा शब्द काढायची सोय नव्हती, कारण आदल्या वर्षी अण्णा घर सोडून गेला होता, तो असल्याच नादापायी.

अण्णा माझा मोठा भाऊ, पांडुरंग. अप्पांचं पितळी समयांचं दुकान. नाचियारकोविलचे कारागीर समया ओतायचे, अप्पा त्या आणून विकायचे. एकुलत्या एक मुलाने गादीवर बसावं, ही त्यांची इच्छा काही जगावेगळी नव्हती. पण अण्णाला गादीवर बसवलं की तो गिऱ्हाइकांच्या नकला करी. एका नाटक कंपनीबरोबर मद्रासला जायचं त्याच्या मनाने घेतलं. अप्पा आधी समजुतीने बोलले, मग रागाने. शेवटी म्हणाले, ‘उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर तुला जाऊन ये म्हणणारं या घरात कोणी नाही.’

अण्णाने पत्र्याची पेटी उचलली. उंबऱ्याशी थांबला. सवयीनेच थांबला असेल. आत वळून म्हणाला, ‘जाऊन येतो.’

अप्पा झोपाळ्यावर बसले होते, झोपाळा हलत नव्हता. आई चुलीपाशी पाठमोरी. माझ्या तोंडातून निघणारच होतं, पण माझं उत्तर कुठे चालत होतं? अण्णा थांबून राहिला. बैलगाडी गेली, रस्त्यावरचा आवाज येऊन विरला, तरी तो थांबलेला. मग पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि गेला. आई त्यानंतर बराच वेळ चुलीपाशीच होती. भात करपला होता, तो आम्ही तसाच जेवलो.

त्यानंतर त्याचा ठावठिकाणा नाही. नाटक कंपनी फुटली, एवढं कानावर आलं. आईला एकच घोर लागला. पोराला उत्तर दिलं नाही, आता तो येणार कसा? कोणी म्हणेल, अहो, गाडीत बसून येईल. पण आईच्या लेखी ते तसं नव्हतं, आणि खरं सांगते, माझ्याही लेखी नव्हतं. परतीची वाट आपल्याच हाताने बंद केली, या विचाराने ती बाई वर्षभर आतून वाळत गेली.

अशात पंगुनीतल्या एका सकाळी कमलम दारात आली. कमलम म्हणजे आमची फुलवाली. रोज जुईचा गजरा द्यायची आणि संध्याकाळी तंबूच्या दाराशी चिंचेखाली टोपली घेऊन बसायची, त्यामुळे एकही सिनेमा तिने सोडलेला नव्हता. तिने आधी अप्पा दुकानात गेल्याची खात्री केली. मग आईला बाजूला घेऊन सांगितलं की नवा सिनेमा लागलाय आणि तुमचा पांडू त्यात आहे. मिशी लावलीय खोटी, पण चालणं लपतं का? आईने गजरा हातात घेतला आणि ती तिथेच उभी. कमलम गेली तरी उभी.

सिनेमा असा होता. राजांचा काळ. उत्तरेकडून फौजेबरोबर आलेली माणसं, फौज मोडली आणि ही इथेच राहिली. पोटाला नाही म्हणून टोळ्या केल्या. एका टोळीने तांदळाची पेठ धरली, दुसरीने नदीचे घाट. दोन्ही टोळ्या एकमेकांचे मुडदे पाडतात, आणि मध्ये सापडलेल्या एका व्यापाऱ्याचा खून होतो. त्याचा मुलगा मोठा होऊन बापाच्या मारेकऱ्यांना एकेकाला हुडकून मारतो. तलवारी, मशाली, घोडे, अंधारी बोळं. गाव वेडं झालं होतं. आणि त्यातले टोळीवाले म्हणजे कोण? आम्हीच की. पगड्या आमच्या, गंध आमचं, नावं आमची. शाळेत मुली मला विचारायच्या, काय गं रुक्मा, तुझ्या घरात किती तलवारी आहेत? मी म्हणायची, विळी आहे एक, ती आणू? हसायची मी, पण ते बोचायचंच. पिढ्यानपिढ्या त्याच नदीचं पाणी प्यायलो आणि तीन तासांच्या एका खेळात पुन्हा परके झालो. अण्णा होता त्यात, तोही परक्यांच्या टोळीतला. नायक नाही, खलनायकसुद्धा नाही, मागच्या रांगेतला कोणीतरी एक.

आईने खोटं बोलायला घेतलं. जन्मात कधी बोलली नव्हती, त्यामुळे फार वाईट बोलायची. रामनवमी जवळ आली होती, तेव्हा संध्याकाळी भजनाला जाऊन येते, असं सांगू लागली. अप्पा म्हणत, ‘जाऊन ये.’ आणि ती कमलमबरोबर पूल ओलांडून तंबूत.

पहिल्या दिवशी मला बरोबर घेतलं. बायकांच्या बाजूला, कडेला बसलो. आई पडद्याकडे बघतच नव्हती, वाळूत बोटाने रेघा ओढत होती. मध्यंतराच्या थोडं आधी कमलमने तिला कोपर मारलं. टोळी लढाईला निघालेली. जुन्या घराच्या दारातून एकेक जण बाहेर पडतो, कोणी डरकाळी फोडतो, कोणी तलवार आपटतो. शेवटी अण्णा. ती काय मिशी, बाई, झाडूच चिकटवला होता नाकाखाली. तो दारात थांबतो. वळतो. घराच्या आत बघतो, म्हणजे खरं तर आपल्याकडेच बघतो, तंबूत वाळूवर बसलेल्या आमच्याकडे. आणि म्हणतो, ‘जाऊन येतो.’

आमच्या घरातल्या आवाजात. अख्ख्या तमिळ सिनेमात मराठी तेवढंच.

माझ्या अंगावर काटा आला. आईचा हात वाळूत तसाच राहिला होता. तंबूत शिट्ट्या झाल्या. लोकांना ती काहीतरी भयंकर शपथ वाटली असणार, रक्त पिऊनच परतेन अशी काहीतरी. पुढे लगेच लढाई, आणि त्या लढाईत विहिरीपाशी नायकाच्या तलवारीने अण्णा पडतो. हे आम्हाला कमलमने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आई उठली आणि झपझप बाहेर चालू लागली, मागोमाग मी. चिंचेखाली जाऊन तिने दोन्ही कानांत पदराचे बोळे घातले. आतून टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्याची खूण मी केली तेव्हा तिने बोळे काढले.

त्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. रोज तेवढंच बघायची आणि तो पडायच्या आत उठायची. दारावरच्या माणसाला सवय झाली, तो तिच्यासाठी कनात उचलून धरायचा. मुलगा रोज जिवंत दिसतो, रोज आपल्याकडे वळून बोलतो, आणि त्याला मरताना मात्र बघायचं नाही. ह्याला वेड म्हणायचं तर म्हणा. मी तेव्हा मनातून वैतागायची, आज वाटतं, त्या बाईने केवढं शहाणपण केलं.

परीक्षा सुरू झाली आणि माझं जाणं बंद झालं. संध्याकाळी घरात मी एकटी. पुढ्यात कंदील, पुस्तकात कुठल्याशा लढायांच्या सनावळ्या, अंगणात निंबाचा मोहोर पडतोय. अप्पाही नसायचे. त्या वर्षी त्यांना सारखंच नाचियारकोविलला जावं लागत होतं. माल तयार नाही, कारागीर ऐकत नाहीत, असं काहीबाही सांगून दुपार कलली की बस धरायचे. घर इतकं रिकामं की झोपाळ्याची कडी स्वतःशी करकरायची. मग वाऱ्यावर नदीपलीकडून टाळ्यांचा आवाज यायचा. बारीक, तांदूळ पाखडल्यासारखा. मला कळायचं, अण्णा पडला. आता आई कानातले बोळे काढील आणि घरी येईल. एवढी एकटी मी नंतर विधवा झाल्यावरही नव्हते. पंधरा-सोळा वर्षांची पोर आणि सगळ्या गावाला माझ्या भावाच्या मरणाचा आनंद होतोय, तो लांबून ऐकत बसलेली.

एक गंमत मात्र झाली. गल्लीतल्या पोरांनी ते वाक्य उचललं. लाकडी फळ्यांच्या तलवारी घेऊन ती दिवसभर धुमाकूळ घालायची, आणि एकमेकांवर तुटून पडण्याआधी डोळे वटारून गर्जायची, ‘जावुन् येत्तो!’ अर्थ एकालाही ठाऊक नाही. तमिळ जिभेवर आमचा तो साधा निरोप दात खाऊन दिलेली धमकी झाला. आणि आई? ती स्वयंपाकघरात वाटण वाटत असायची. बाहेरून गर्जना आली की पाट्यावरचा हात न थांबवता, अगदी सवयीने म्हणायची, ‘जाऊन ये.’ रस्त्यावर मुडदे पडताहेत आणि आतून ही बाई प्रत्येकाला सुखरूप परत बोलावतेय. मी हसून लोळायची. मग एकदा माझ्या लक्षात आलं की ती सवयीने म्हणत नाही, घोटून घेतेय. नीट आवाज लागावा म्हणून.

तंबूत ती रोज ते उत्तर देत होती. कमलमने सांगितलं मला. आधी नुसते ओठ हलायचे, मग पुटपुटणं, मग शेजारणीला ऐकू जाईल इतकं. एखादी बाई फिसकन हसायची. आईला पर्वा नव्हती.

आणि आता अप्पांचं. त्या काळात धोतरं धुवायचं काम माझ्याकडे होतं. अप्पांच्या धोतराच्या निऱ्यांतून वाळू निघायला लागली. मी म्हटलं, असेल, समया ओतायच्या साच्यांना नदीची माती लागतेच, कारागिरांकडे बसतात म्हणून येत असेल. पण ती माती मऊ, पिठासारखी. ही खरखरीत होती. तरी मी काही मनावर घेतलं नाही, डोक्यात गणित होतं. मग एके दिवशी निऱ्यांतून भुईमुगाची लाल सालं निघाली. बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारा माझा बाप शेंगा खात होता! मी ती सालं ओल्या हातावर घेऊन किती वेळ बघत राहिले. आईला सांगितलं नाही. काय सांगणार?

शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी ढोल वाजवत सिनेमाची गाडी गल्लीतून गेली. आज हा खेळ शेवटचा, उद्यापासून दुसरा. गुलाबी कागद उडत आमच्या अंगणात आले. आईने ते वेचून नीट एकावर एक ठेवले आणि मला म्हणाली, चल. अप्पा दुपारीच नाचियारकोविलला गेले होते.

तंबू खचाखच भरला होता. आम्ही नेहमीच्या जागी, कडेला. ते घर आलं, ते दार आलं, एकेक जण निघाला. आई ताठ बसली होती. अण्णा थांबला, वळला, म्हणाला. आणि आईने उत्तर दिलं. पुटपुटून नाही, घरात चुलीपासून उंबऱ्यापर्यंत ऐकू जावं तसं खणखणीत, ‘जाऊन ये, रे.’

आणि त्याच वेळी मातीच्या भिंतीपलीकडून, पुरुषांतून, दुसरा आवाज आला. ‘जाऊन ये.’ जाड, घोगरा, दुकानात ओरडून ओरडून बसलेला आवाज.

आई उठायची ती उठली नाही. लोक हसले, कोणीतरी शिटी मारली. पुढे लढाई झाली, विहीर आली, तलवार आली. आईने तो पडताना पाहिला. कानात बोळे घातले नाहीत. फक्त माझा हात धरला होता. रीळ बदलायला दिवे लागले तेव्हा तिने भिंतीकडे मान वळवली नाही. मीही वळवली नाही. सरळ बाहेर पडलो आणि पुलावरून घरी आलो.

थोड्या वेळाने अप्पा आले. पाय धुतले, पानावर बसले. आईने भात वाढला, त्यावर आमटी घातली.

‘भजन कसं झालं?’ अप्पांनी विचारलं.

‘छान झालं,’ आई म्हणाली. ‘माल मिळाला का?’

‘नाही मिळाला.’

एवढंच. पुढे दोघंही असेपर्यंत मी त्यांच्या तोंडून यावर अक्षर ऐकलं नाही. अप्पा मात्र त्यानंतर मद्रासला जाऊन आले, स्टुडिओच्या फाटकांशी उभे राहिले, पांडुरंग राव म्हणून विचारत फिरले. गर्दीतल्या माणसाला नाव कुठे असतं? कोणाला सांगता आलं नाही. आडीत, म्हणजे आपल्या आषाढात, नदीला पाणी येतं, त्याच्या आत तंबू उठला. वाळू तेवढी राहिली, मग तिथे भात लावला.

मी पास झाले, पुण्याला दिले गेले, आई गेली, पाठोपाठ अप्पा गेले. घर रिकामं करून द्यायला मी कुंभकोणमला गेले तेव्हाही पंगुनीच होता. निंबाचा मोहोर अंगणात पडत होता, झाडायला कोणी नव्हतं. भांडी बांधत होते तर उंबऱ्याशी कोणीतरी येऊन थांबलं. आत येईना. टक्कल पडलेला, वाकलेला माणूस. मी ओळखलं नाही. मग त्याने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, लहानपणी उत्तराची वाट बघताना घ्यायचा तसा, आणि मी ओळखलं.

अण्णा आत येऊन झोपाळ्यावर बसला नाही, जमिनीवरच बसला. पुढे त्याला सिनेमात कधी काही मिळालं नव्हतं, तो कपडेपटात शिलाई करत होता. कमलमच्या भाच्याने मद्रासमध्ये त्याला अप्पा गेल्याची बातमी सांगितली होती. मी विचारलं, आला का नाहीस रे? तर म्हणाला, बोलावलं नव्हतं ना कोणी. आणि मग त्या वाक्याचं सांगितलं. सिनेमावाले म्हणाले होते, तुम्ही उत्तरेकडचे, निघताना आपल्या भाषेत काहीतरी ओरडा, अंगावर काटा यायला हवा. बाकीच्यांना मराठी येत नव्हती, ते नुसते गुरगुरले. ह्याच्यापुढे दार होतं, उंबरा होता. तोंडातून तेच आलं.

‘मद्रासला लागला तेव्हा रोज जाऊन बसायचो,’ तो म्हणाला. ‘माझं वाक्य झालं की थांबायचो. कोणी बोलतंय का बघायला. वेडा होतो मी. सगळीकडे शिट्ट्याच.’

मी भांडी खाली ठेवली. सांगितलं त्याला. तंबू, आई, कनात उचलणारा माणूस, शेंगांची सालं, सगळं. तो ऐकत राहिला. मग लहान मुलासारखं विचारलं, ‘अप्पा पण?’

‘अप्पा पण.’

माझा भाऊ तेव्हा रडला. मोठ्याने रडला. मी त्याला रडू दिलं आणि मीही रडले, लपवण्यासारखं काय आहे त्यात?

संध्याकाळच्या गाडीला तो निघाला. उंबऱ्याशी थांबला, वळला, म्हणाला, ‘जाऊन येतो.’ आणि मग स्वतःशीच हसला, कारण घरात आता त्याच्याहून मोठं कोणी उरलं नव्हतं. उत्तर द्यायला नुसती मी, धाकटी, जिचं उत्तर चालत नाही. मी स्वयंपाकघरात गेले. चुलीपाशी उभी राहिले, आई असायची तिथे. आणि तिथून, उंबऱ्यापर्यंत पोहोचेल असं ओरडले, ‘जाऊन ये, रे अण्णा.’

आणि तो आला की! पुण्याला आला, माझ्या दारात. नंतरही येत राहिला, येण्याजोगी ताकद अंगात होती तोवर. तो सिनेमा आता कुठे मिळत नाही. नातवाने पुष्कळ शोधला, फिती केव्हाच विरून गेल्या असतील म्हणाला. पडद्यावरचा तो दारातला अण्णा आता माझ्याखेरीज कोणी बघत नाही.

परवा संध्याकाळी कोथिंबीर संपली म्हणून पिशवी घेतली. कुलूप हातात, दार अर्धं ओढलेलं. आत वळून म्हटलं, ‘जाऊन येते.’ रोज म्हणते. आत कोण आहे? पंखा बंद केलेला, टीव्ही बंद, खुर्चीवर माझीच शाल. तरी थांबते जरा. तेवढं थांबल्याशिवाय पाय निघत नाही. समोर मुक्ता सतरंजीवर पालथी पडून नद्यांची नावं पाठ करत होती. तिने पुस्तकातून मान वर केली नाही.

‘जाऊन या, आजी,’ म्हणाली.

लहानांचं चालतं, हे मी कुंभकोणमच्या त्या चुलीपाशीच ठरवून टाकलंय. मी जिना उतरले, कोथिंबीर घेतली आणि लगेच परत आले.